उसनं ऊन

तो उन्हाळा फेब्रुवारीत रंगवला,
हे चित्राखालच्या पितळी पट्टीवर लिहिलेलं नाही.

आरोग्यधामाच्या जेवणघरात, सूपच्या वाफेपलीकडे
सहा मीटर लांब किनारा आहे:
एकोणीस माणसं, एक कुत्रं, पट्ट्यापट्ट्यांची एक छत्री,
आणि डाव्या टोकाला चेंडू धरून
एका पायावर उभी
ती मी.

बाहेर सारेमाचा समुद्र थिजून पडलेला.
जाळी विणायच्या शेडमध्ये साल्मेबाईंनी
दोन शेगड्या पेटवल्या,
बेकरीच्या भट्टीशेजारी वाळवलेली
नऊ बादल्या वाळू फळ्यांवर ओतली,
आणि म्हणाल्या, काढा कपडे. जुलै आहे.

पोस्टातली मीली पोहायच्या पोशाखात आली,
पायांत मात्र लोकरी मोजे.
"मोजे मी रंगवणार नाही," बाई म्हणाल्या.
"नका रंगवू," मीली म्हणाली, "पण काढणार नाही."
आमच्या दंडांवर सरसरून काटा,
आणि त्या काट्यावर बाईंचा गडद पिवळा रंग.
दर पाव तासाने सगळा किनारा
शेगड्यांभोवती गोळा व्हायचा, हात चोळत,
ओल्या हेरिंगच्या वासात.
एकट्या कुत्र्यालाच जुलै पटला होता.
ते झोपलं ते झोपलंच.

मधोमध एव्हाल्ड.
पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडून,
कपडे धुवायच्या टपात पाय सोडून उभा.
टपातलं पाणी कोमट होतं, म्हणून आम्ही त्याच्यावर जळायचो.
त्याच्या डाव्या पायाला दोन बोटं नव्हती,
कुठल्याशा हिवाळ्याने ठेवून घेतलेली.
साल्मेबाईंची रीत उलटी,
पायांपासून वर चढायची.
माणूस उभा कसा राहतो ते सापडलं, म्हणायच्या,
की चेहरा मागोमाग येतो.

बुधवारी त्या कमरेपर्यंत पोचल्या.
गुरुवारी तो बर्फावर मासेमारीला गेला.
दुपारी वारा फिरला.
किनाऱ्यापासून बर्फाचं एक शेत सुटलं
आणि चालू लागलं.
घोडा कसा परत आला, कोणालाच कळलं नाही.
अंगावरचं पाणी गोठून
तो चालताना खुळखुळत होता.

एप्रिलपर्यंत कमरेच्या वर
कोरं कापड.
आम्ही सगळे हसत, चेंडू झेलत, छत्रीखाली,
आणि मधोमध दोन पाय.

शेवटी बेकरीवाल्या हुगोला उभं केलं.
तो बुटका, म्हणून खाली हेरिंगचा रिकामा खोका.
समोर बघ, बाई सांगायच्या.
त्याची मान पुन्हा पुन्हा खाली जायची,
जे पाय त्याचे नव्हते त्यांच्याकडे.
बाईंनी सांगणं सोडलं. तसाच रंगवला.
आता पाहुण्यांना माहिती देणारा मुलगा
त्याच्यापाशी थांबतो, आवाज खाली आणतो,
आणि आधुनिक माणसाच्या एकटेपणाबद्दल बोलतो.

लेइडा दर जूनमध्ये यायची,
टेबलं मांडायच्या आधी.
खुर्ची भिंतीजवळ ओढून बसायची.
नजर पट्ट्याच्या वर कधी गेली नाही.
हुगोकडून रोज पाव घ्यायची ती,
दोघं हवापाण्याचं बोलायची,
पण इथे तो तिला दिसत नसे.
एकदा मी दारात होते.
कोणाच्या तरी चमच्यातून उडालेला
बीटचा लाल थेंब त्या डाव्या पायावर वाळला होता.
तिने रुमालाचं टोक जिभेवर ओलं केलं
आणि पुसलं,
बोटं नसलेल्या जागेपर्यंत,
दामटून निजवायच्या आधी
पोराचे पाय पुसावेत तसं.

मी आता गुडघ्यांसाठी येते.
काळा चिखल, वीस मिनिटं, मग सूप.
दुखतो तो उजवा,
ज्याच्यावर मी तेव्हा उभी राहिले.
चित्र तपासायला राजधानीहून कोणी आलं होतं,
त्यांनी वहीत नोंद केली:
मधली आकृती, डावं पाऊल,
रंगाचा वरचा थर घासला गेलेला. दुरुस्ती हवी.
मी वाढणाऱ्या मुलीला विचारलं, कधी करणार?
तिला ठाऊक नव्हतं.
तिने पाव आणून ठेवला
आणि माझी खुर्ची जरा बाजूला सरकवली,
मागून कोणाला तरी जायचं होतं.