कोरी नळी

सोमा मडावी उंदरं आणतो पोत्यातून,
तुरीच्या धुऱ्यावरची, जिवंत, माद्या निवडून.
नगाला वीस रुपये. पावतीवर अंगठा,
ग्रँटला पावती लागते.

कॉलेजात फ्रिज आहे, लाइट नाही.
बर्फ दारव्ह्याच्या स्टँडवरच्या लस्सीवाल्याकडून,
भुशातला, गोणपाटात गुंडाळून.
गर्भाशय थंडच वाटावं लागतं:
दोन शिंगांचं, ओल्या वातीसारखं,
बोटांच्या उबेनंही बिघडणारं.

रोज सकाळी सातला एक थेंब काचेवर.
वाळल्या पापुद्र्यांसारख्या पेशी दिसल्या
की वहीत लिहायचं: माजावर.
चक्र चार दिवसांचं.
पंचफुलाबाई नळ्या घासता घासता हसली,
"आमचेबी चारच व्हते सर,
पन ते बाहीर बसाचे."

माजाच्या दिवशी नळीत पिवळं उतरतं,
हळदीचा हात धुतलेल्या पाण्याइतकं.
एन्झाइम जागं आहे, एवढाच अर्थ.
बीजकोश काढलेल्या सहा जणींत
पंधरा दिवसांनी जवळपास काहीच नाही.
मग तिळाच्या तेलातून इस्ट्रोजेन,
मानेमागच्या कातडीत, तीन दिवस,
आणि चौथ्या दिवशी
पिवळं!
आकडा लिहिताना मी शिट्टी वाजवली.

पंचफुलाबाई नळी खिडकीकडे धरून उभी.
"इचं काढलं व्हतं ना तुमी?"
हो.
"तरी आलं?"
तेल टोचलं म्हणून.

तिनं नळी स्टँडात ठेवली, मग सांगितलं.
एकोणतिसाव्या वर्षी पिशवी काढली,
यवतमाळले, सोयाबीनचे पैसे आले तवा.
"संगं दोन्ही गाठीबी.
डाक्टर म्हने, कायले ठेवता, उद्या कॅन्सर होईन."
तेव्हापासून रात्री अंगातून जाळ निघतो,
पदर भिजतो, गुडघे धरतात,
चुलीपुढून उठताना भिंत लागते.
"मले कोनी तेलाचं सांगतलंच नाही."

तसं नसतं बाई, असं काहीतरी
माझ्या तोंडात आलं होतं.
तसंच असतं, हेही मला माहीत होतं.

तेवढ्यात लाइट आली. कलरीमीटरचा काटा थरथरला.
आधी कोरी नळी लावायची असते.
तीत सगळं घातलेलं असतं, मादी सोडून.
तिच्यावर शून्य धरायचं,
मग बाकीच्या मोजायच्या.

पंचफुलाबाईनं ती पुसली
आणि माझ्या हातात दिली,
काचेला बोट न लागू देता,
मी शिकवलं होतं तशी.