मोरचूद

चाळीस वर्षं झाली फ्रेमा ठोकतो,
बडकस चौकाच्या मागल्या बोळीत.
देव, नवरानवरी,
आणि सगळ्यात जास्त मेलेली माणसं.
सगळ्यांचं वर-खाली ठरलेलं.

कुंदा हेडाऊचं चित्र आलं तेव्हा
मी ते टेबलावर चारदा फिरवलं.
"बाई, डोकं कुठं आहे याचं?"
"डोकं नाहीच जी. भार आहे. तो खाली ठेवा."
दोन्ही हातांवर तोलून पाहिलं.
खरंच, एक बाजू जड होती.

रेशनकार्डाचं कव्हर,
लग्नपत्रिकेचा हळद लागलेला कोपरा,
कूलरच्या जाळीतलं कुजकं गवत,
त्यावर कोराडीच्या राखेसारखा रंग
लावलेला, खरवडलेला, परत लावलेला.
मध्ये एक निळी चिंधी.
"आभाळ काय?"
"निळं," ती म्हणाली.

बाप पाचपावलीत माग चालवायचा.
ताण्याला पाजणी करून उरलेली खळ
ही पोरगी वाटीत पळवायची, भिंतीला कागद डकवायची.
अजूनही खळच शिजवते.
मे महिन्यात रंग ब्रशवरच वाळतो,
म्हणून रात्री दोनला बसते,
मानेवर ओला दुपट्टा, कूलर बंद,
कागद उडतात म्हणून.

मागच्या श्रावणात चित्राला कसर लागली.
चाळणी झालेला तुकडा घेऊन दुकानात उभी राहिली.
रडली नाही.
"खाल्लंय चांगलं. पण विचारायचं तरी."
मी वरच्या फळीवरून पुडी काढली.
आमचे वडील वह्या बांधायचे,
लईत मोरचूद घालायचे.
"चिमूटभरच. विष आहे ते. अन् रंग सोडतं."

तिनं मूठभर घातलं.

आता सिव्हिल लाइन्सच्या हॉलमध्ये
भिंतभर ते चित्र. काच नको म्हणाली,
तिथंच माझे बाराशे गेले.
लोक मागं सरकतात, डोळे बारीक करतात.
एक साहेब बायकोला बोटानं दाखवतोय,
हा अंबाझरी, ही पाळ.
मी वाकून खालचा कोपरा पाहतो,
जिथं खळ कागदाखालून निसटली
आणि वाळताना कडेनं
हिरवट निळी रेघ ठेवून गेली.
ही काही तिनं काढलेली नाही.
माझीही नाही म्हणता येत.

साहेब वळून विचारतात,
"तुम्हाला काय दिसतं हो यात?"

मी म्हणतो,
याला कसर लागणार नाही जी.