चौथा पॉइंट

पहिला पॉइंट मलप्रभेच्या घाटावर.
दुसरा कौलांच्या भट्टीशी, धुराड्यापासून वीस मीटर सोडून,
खानापूरच्या वाऱ्याचं काही सांगता येत नाही.
वळणाला कोपरा नको. त्रिज्या वाढव.
वेग सेकंदाला तीन मीटर,
आणि कॅमेऱ्याची मान आधीपासूनच वळू लागावी,
ओळखीची चाहूल लागल्यासारखी.

"काय करूलालास रे?" भरमाण्णा विचारतो.
"वाट आखूलालो."
तो वर बघतो. वर फक्त एक घार,
न आखता गोल.

दर महिन्याच्या पाच तारखेला हीच फेरी,
रस्ता कुठवर आला ते बेळगावच्या ऑफिसात दिसावं म्हणून.
चौथ्या पॉइंटला जांभळीसाठी
उंची सहा मीटर वाढवलेली,
शेंड्यावरून अलगद, कॅमेरा खाली.

फेब्रुवारीत जांभूळ नव्हती.
ड्रोन आला, सावकाश चढला,
खाली लाल माती, एक रोलर.
मान झुकवली, पुढं गेला.

इंजिनिअरचा फोन:
"मध्येच वर का जातंय ते? सरळ करा की."
करतो म्हटलं.

मार्च गेला.
बॅटरीचे अकरा सेकंद जातात तिथं.