सत्तावन्न जणांनी पाहिलं

मैत्रीत मी एकच नियम पाळते:
सूट मागायची नाही.
शलाका म्हणते, अगं, तुला पाचशेला देते.
मी म्हणते, मागे पेन्सिलीनं आठशे लिहिलंयस ना,
मग आठशे.
त्यातले तीनशे पगार झाल्यावर, ही गोष्ट वेगळी.

अंबडच्या कंपनीत डिस्पॅचला बसते मी.
खोकी मोजते, चलनावर शिक्के मारते
आणि जेवणाच्या सुट्टीत
स्टेटसला काहीबाही लावते:
कॅन्टीनमागच्या पाइपात साळुंकीनं थाटलेला संसार,
सातपूरच्या टपरीवरची मिसळ,
जिच्यात पापड उभा खोचतात, झेंड्यासारखा,
आणि एक खोडरबर, जे खरंच खोडतं.
इतकं चांगलं खोडरबर चाळिशीत भेटलं मला,
सांगू नको तर काय करू?

मामेभाऊ विचारतो, हे सगळं कुणासाठी?
ज्यांचे नंबर सेव्ह आहेत त्यांच्यासाठी.
गॅसवाला, शाळेतल्या कुलकर्णीबाई,
वीज मंडळातले एक निवृत्त साहेब,
आणि ‘फ्रिज रिपेअर द्वारका’,
ज्याचं नाव मला अजून माहीत नाही,
पण रोज सगळ्यांत आधी तोच बघतो.

अधूनमधून मित्रांचं.
मुकुल गायधनीचे मातीचे कप,
सगळ्यांचे कान जरा डावीकडे कललेले,
शेजारच्या घरातलं ऐकत असल्यासारखे.
इर्शादचा प्रयोग, सायखेडकरला, शनिवारी साडेनऊ,
तिकीट दोनशे, पास मागू नये.
एकोणीस जण होतो आम्ही,
त्यातले सात त्याच्या आत्याच्या घरचे.
पडदा पडला तशी मी शिट्टी मारली.
मला शिट्टी येत नाही. नुसती हवा गेली.

आणि मग शलाकाचा नळ.
भद्रकालीतल्या एका बोळातला, पितळी.
तीन आठवडे लिनोवर कोरत होती,
अंगठ्याला दोन पट्ट्या,
सगळ्या काळ्या शाईत
एकच थेंब पांढरा सोडलेला.
मी फोटो लावला, खाली लिहिलं:
आठशे रुपये. माझी मैत्रीण. बघा तरी.

सत्तावन्न जणांनी पाहिलं.
तीन अंगठे आले, एक जोडलेले हात, ते बहुधा चुकून.
रात्री सव्वादहाला ढिकले प्लंबर:
ताई, आटे उलटे आहेत.
हा नळ बंद करायला जाल तर उघडेल.

आता हे शलाकाला कोण सांगणार?
मीच सांगितलं.
आधी काही बोलेना. मग जी हसत सुटली,
मला फोन कानापासून लांब धरावा लागला.
ठशात सगळं उलटं उमटतं गं, म्हणाली,
भिंतीवरचं ‘पाणी जपून वापरा’
आठवणीनं उलटं कोरलं,
आणि आटे विसरले!
मग जरा थांबून:
चार वर्षं लोक छान म्हणतात, मस्त म्हणतात,
आणि पुढे जातात.
एवढं बघितलं नव्हतं कुणी.

रविवारी ढिकले तिच्याकडे गेले, मखमलाबाद नाक्याला.
ती म्हणाली, दुरुस्त करून नवा काढते.
ते म्हणाले, नको, हाच द्या.
दुकानात लावतो. नवीन पोरगं कामाला आलं
की विचारीन, सांग, काय चुकलंय.
आठशे मोजले. फ्रेम पाहिजे होती, नव्हती.
निघताना दारातच थबकले:
बेसिनखाली गळतंय तुमच्या. ऐकू येतंय.
पाना सोबत होताच.
दीडशे झाले. शलाकानं दीडशे दिले,
घासाघीस न करता.

मला हे कळलं तोवर चोवीस तास कधीच उलटले होते,
नळ माझ्या स्टेटसवरून गेलेला.
आज साळुंकी लावलीय.
पाइपातून चोची दिसतायत, पिवळ्या, उघड्या.
फ्रिज रिपेअरनं पहिल्यांदाच काही लिहिलं:
किती आहेत?
मला दोन दिसतात. तिसरं असावं.
उद्या सुट्टीत स्टूल घेऊन जाते.