चौथी ओळ

मंगळवारी मला कामावरून काढलं.
डार्लिंग्टनच्या त्या ऑफिसातून, जिथं अकरा वर्षं
मी व्हॉल्व्हची गळती तपासली.
हातात खोकं: एक मग, एक स्वेटर,
आणि कुंडीतलं कधीच न फुललेलं काहीतरी.

रात्री साइटवर लिहिलं,
'अकरा वर्षांनंतर आता एक नवा अध्याय!'
पहिली ओळ अशीच लिहायची असते म्हणे.
नोकरी गेली, घराचा हप्ता जेमतेम दोन महिने निघेल,
हे चौथ्या ओळीत होतं.
पण चौथी ओळ 'आणखी वाचा'च्या खाली गेली
आणि तिथवर कोण उतरतंय?

सकाळी तीनशे बारा अभिनंदनं.
फुगे. टाळ्या पिटणारे चिमुकले हात.
लीड्सचा हृषीकेश टिल्लू: 'हे व्हायचंच होतं!'
कधी न भेटलेली एक बाई: 'प्रेरणादायी प्रवास!!'
कुणीतरी माझ्या नेतृत्वगुणाला दुजोरा दिला.
नेतृत्व मी जन्मात एकदाच केलंय,
आगीची घंटा झाली तेव्हा,
तेही चुकीच्या दाराकडं.

हळदीकुंकवाचा तो डबा आठवला,
प्लास्टिकचा, झाकण न बसणारा.
या घरून त्या घरी जातो, कुणी उघडत नाही,
आणि तीन संक्रांतींनी
आपलाच डबा आपल्याच हातात येतो,
वर तिळगूळ.

मीही वाटलेत. खोटं कशाला बोलू?
बसस्टॉपवर उभ्या उभ्या, नुसत्या अंगठ्यानं
सोळा जणांना 'अभिमान वाटतो' म्हटलंय.
त्यातल्या एकाचं, मागाहून कळलं,
दुकान बुडालं होतं.

दुपारी बेरिल हॉजसनचा मेसेज.
माझी पहिली सुपरवायझर, आता पंच्याहत्तरीची.
सहा वर्षांत एकदाही 'छान' म्हणाली नाही,
रिपोर्टवर लाल पेनानं नुसती प्रश्नचिन्हं काढायची.

'दुसऱ्या ओळीत स्वल्पविराम चुकलाय.
चौथी ओळ पहिली हवी होती.
गुरुवारी ये, सूप करते.
आणि माझी ती कुंडी
तिथंच टाकून नाही ना आलीस?'

पोस्ट उघडून पाहिली.
चुकलाच होता स्वल्पविराम.
तसाच ठेवलाय.