कपाळपट्टी

एपीएमसीच्या मागल्या गेटाला
रात्री साडेनऊला मोजून झालं.
कोबीची बावीस पोती, ढबू मिरचीचे अठरा क्रेट.
पिकअपचे पाटे सपाट झाले,
आणि बेळगुंदीची रताळी, अकरा पोती, खालीच राहिली.
ती दुसऱ्याच्या गाडीत चढताना
मी दोरी आवळत बघत राहिलो.
"ट्रक घे की आता," भरमाणी म्हणाला,
तंबाखू मळत, जणू
शेजारच्या टपरीत मिळतोय.

रविवारी नीलव्वाला घेऊन शोरूमला गेलो.
सहा चाकी. चाक तिच्या कमरेएवढं.
पोरगा तिला कन्नडात सांगायचा, मला मराठीत,
हप्ता दोन्हीकडं तेवढाच.
ती पदर खोचून केबिनमध्ये चढली,
स्टिअरिंगला हात न लावता बसली,
कुंपणाच्या भिंतीपलीकडं बघत.
"काय दिसतंय?"
"आपला पिकअप," म्हणाली. "लहान दिसतोय."

रात्री छताकडं बघत हिशेब घातला.
दहा टन, म्हणजे माझ्या सहा खेपा एका खेपेत.
पण रोज दहा टन देणार कोण?
अर्धा रिकामा ट्रक घाट उतरताना
कसा वाजतो ते ऐकलंय मी:
मोठ्या घरात एकट्या माणसाच्या हातून
भांडं पडावं, तसा.

माझ्या लायसन्सवर तो बसत नाही.
ड्रायव्हर ठेवायचा, म्हणजे
कणकुंबीच्या पुढल्या वळणावर
गाडी माझी
आणि धुकं दुसऱ्याच्या डोळ्यांत.
घाट जड गाड्यांना बंद झाला
तर गाडी उभी, हप्ता पळतोय.

आणि गल्ली.
पिकअप तिरका घालून, आरसा मिटून,
लुमाण्णाच्या शेणीच्या उडवीला न शिवता
दारात येतो.
परतीला हॉर्न देत नाही मी,
तरी धाकटी उठून बसते.
ट्रक फाट्यावरच राहील,
पंपाशेजारी, पन्नास रुपये रात्रीला,
पाव्हणा घरात घ्यायचा नाही
म्हणून देवळात झोपवल्यासारखा.

हे सगळं मी तिला सांगितलं.
तिनं फळीवरची वही काढली.
तारखेवार लिहिलेली, तिच्या गोल अक्षरात,
खाली राहिलेली पोती.
फेब्रुवारीत चौऱ्याऐंशी. मार्चात एकशे सहा.
"हे बी हप्तेच की," म्हणाली.
"दुसऱ्याच्या गाडीचे भरायलोय आपण."

त्यावर मला उत्तर सुचलं नाही.
अजून सुचलेलं नाही.

शेवटी लांब हौद्याचा पिकअप घेतला,
पाट्यात एक पान जादा घालून.
शहाणपण होतं का भ्यालो,
ते जांबोटीच्या रस्त्यावर
रोज रात्री एकदा विचारून बघतो.

रेवणसिद्ध पेंटर डबे घेऊन आला.
"याव भाषेदाग बरीली?"
ट्रकच्या कपाळपट्टीवर
दोन्ही लिप्या मावल्या असत्या,
एका बाकावर बसल्यासारख्या.
ह्याच्या कपाळावर एकच ओळ.
मी तिच्याकडं बघितलं,
पेंटरनं ब्रशकडं.
"पुढं तुमचा रवळनाथ," ती म्हणाली,
"मागल्या फळक्यावर माझी यल्लम्मा, कन्नडात."
"मागं कोण वाचणार?"
"चढावर तुमच्या मागं जो अडकंल, तो.
त्याला वेळच वेळ."

आज पहिली खेप.
भरमाणीनं नारळ फोडला, पाणी बंपरवर सांडलं.
रात्री साडेनऊला मोजून झालं.
दोरी आवळली. तीन पोती खाली.
फोन लावून तिला सांगितलं.
पलीकडं वहीचं पान उलटल्याचा आवाज,
मग, "तीनच?"