साडेबारा

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
मी काट्यावर बसते.
सोळा टन, एकवीस टन, कधी चोवीस टन तीनशे साठ.
ट्रक चढतो, लोखंडी फलाट जरासा दबतो
आणि माझ्या खिडकीतले लाल आकडे
वेड्यासारखे पळत सुटतात.

घरी, कोपरखैरण्याला, पहाटे साडेपाचला
दाढीच्या ब्लेडने मी एक गोळी कापते.
तुरीच्या डाळीएवढी. पंचवीसची अर्धी.
साडेबारा मायक्रोग्रॅम.
म्हणजे किती, ते एकदा पावतीच्या पाठीवर मांडून पाहिलं:
एका ग्रॅमचे दहा लाख तुकडे,
त्यातले साडेबारा.
मार्केटात एवढं कुणी मोजत नाही.
एवढं तर पोतं उचलताना नुसत्या धापेने उडून जातं.

आधी पन्नास दिली होती.
डॉक्टर कुडतरकर म्हणाले, सगळ्यांना एवढीच देतो.
तिसऱ्या रात्री मी उठून बसले.
छातीत कुणी हमाल जिना चढत होता,
पाठीवर पोतं, तोंडात शिवी,
आणि मजला काही येत नव्हता.
हातातलं फुलपात्र तांब्याला लागून
किणकिण, किणकिण.
हणमंत कूस न बदलता म्हणाला, गॅस असेल, ओवा खा.
मी ओवा खाल्ला.
हमाल चढतच राहिला.

खालच्या मजल्यावरच्या मालूताई शंभर घेतात
आणि निसर्ग उद्यानाला चार फेऱ्या मारून येतात.
"अगं, काही होत नाही. तू मनावर घेतेस."
मनावर?
मी तर जिभेवर घेतली होती, मालूताई,
पाण्याबरोबर, उपाशीपोटी, सांगितल्यासारखी.

सोडून दिली, तर दुसरंच.
मे महिन्यात गोधडी.
न्हाणीच्या जाळीत केसांचं घरटं.
शब्द ओठांपर्यंत येऊन तिथेच बसकण मारायचे,
गाडीचा नंबर तीनदा विचारायचा.
एकदा नाशिकच्या गाडीचं रिकामं वजन
भरल्याच्या रकान्यात गेलं.
शेठ चारचौघांत जे बोलला ते लिहीत नाही.

मग पुन्हा पन्नास, पुन्हा हमाल.
थोपट्यांनी मेडिकलमधून दुसऱ्या कंपनीची दिली,
म्हणाले औषध तेच, डबी वेगळी.
असेल.

रिपोर्ट बघून डॉक्टर खूश. आकडा छान आलाय, म्हणाले.
मी म्हटलं, डॉक्टर, आकड्यांशी माझं वाकडं नाही,
दिवसाला दीडशे छापते.
पण गाडी हलत असताना छापला
तर तो कुणाचाच नसतो.
आणि काटा आधी शून्यावर आणावा लागतो,
नाहीतर मागच्या गाडीची माती
पुढच्या गाडीच्या नावावर जाते.
तुम्ही मला "सगळे" या गाडीवर तोलताय.

बोलून मीच घाबरले.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, बराच वेळ पुसला.
मग चिठ्ठीवरचं पन्नास खोडून
बाजूला बारीक अक्षरात लिहिलं: पंचवीसची अर्धी.
सहा आठवडे. मग बघू.
धडधड वाढली तर सहा आठवडे थांबू नका, लगेच या.

आज एकोणिसावा दिवस.
गोळीनंतर चहाला तासभर बंदी. तो तास फार लांब असतो,
केतकीचा डबा, कणीक, कुकरची पहिली शिट्टी,
आणि मध्येच मी स्वतःचं मनगट धरून उभी.
गोळीचा उरलेला अर्धा चंद्र कुंकवाच्या जुन्या डबीत.
कधी कापताना चुरा होतो.
मग ओलं बोट टेकवून टिपून घेते,
साडेबारा की अकरा, देव जाणे.

हमाल गेलेला नाही. पण आता मजल्यांवर थांबतो,
टेकतो, पोतं खाली ठेवतो.
काल रात्री तर मला वाटतं, विडी ओढत बसला होता.

दुपारी काट्यावर एक सांगलीची गाडी.
ड्रायव्हरने हॉर्न दाबला, "ताई, पावती! उशीर होतोय!"
माझी दोन बोटं नाडीवर होती,
डोळे लाल आकड्यांवर.
"थांब दादा," मी म्हटलं, "अजून हलतंय."
त्याला वाटलं, मी गाडीचं बोलतेय.
खोटं नाही.
गाडीचंही हलतच होतं.